सासूबाई, त्रेपन्न किलो

आमच्या गल्लीतल्या जिममध्ये नाव नोंदवताना 'उद्देश' नावाचा एक रकाना भरावा लागतो. लोक त्यात 'पोट कमी करणे', 'छाती', 'लग्न' असं काहीबाही लिहितात. माझ्या वहिनीच्या नावापुढे तिथल्या मास्तरांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: 'सासूबाई, ५३ किलो'.

त्याचं असं झालं. आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची डावी बाजू लुळी पडली. दादा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. मी घरीच बसून छापखान्याची मुद्रितं तपासतो, पण माझ्या पाठीचा मणका सरकलेला. पाठीला वाकायला सांगितलं की ती आधी अर्ज मागते. राहिली वहिनी. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. तिथं उचलायची सर्वांत जड वस्तू म्हणजे कात्री. एका सकाळी आईला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवताना तिची पकड सुटली, आणि सासू-सून दोघीही पलंग आणि खुर्चीच्या मधल्या जागेत जाऊन बसल्या. मी शेजाऱ्यांना गोळा करेपर्यंत वीस मिनिटं गेली. आईला नुसतं खरचटलं होतं. दादानं मात्र हाय खाल्ली. पुढच्या वेळी खुबा मोडेल, म्हणाला, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या शुश्रूषागृहात जागा सांगून आला. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर कुणाला बोलता येईना. आई 'तुम्ही ठरवाल ते' म्हणाली आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वहिनीनं तीन महिने मागून घेतले.

जिम म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानाखालचं तळघर. बारा पायऱ्या, रबराच्या चटयांचा वास आणि एका कोपऱ्यात तडकलेला आरसा. वहिनी कॅनव्हासचे बूट घालून खाली उतरली आणि मास्तरांना म्हणाली, "मला बारीक व्हायचं नाही. मला सासू उचलायचीय."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "झोपलेल्या की बसलेल्या?"

त्या एका प्रश्नावर वहिनीचा त्यांच्यावर विश्वास बसला, तो कायमचा.

पहिला आठवडा नुसता रिकामा रॉड. जमिनीवरून उचलायचा, ताठ उभं राहायचं, खाली ठेवायचा. कारखान्यात जाण्याआधी रोज पाऊण तास. घरी आल्यावर तिला डोक्यावरून ओढणीसुद्धा घेता येत नसे, आणि त्या अवस्थेतच ती आईची वेणी घालायची. मन खंबीर ठेवा वगैरे वाक्यं तिथल्या भिंतीवर सिंहाच्या चित्राखाली लिहिलेली होती. वहिनीचा त्या सिंहाशी काही संबंध आला नाही. तिची युक्ती साधी होती. डोळे उघडले की पहिले बूट घालायचे आणि मग ठरवायचं जायचं की नाही. बूट घातलेला माणूस परत अंथरुणात शिरायला लाजतो, असं तिचं म्हणणं.

तरी सहाव्या आठवड्यात गाडी अडलीच. रॉड चाळीस किलोवर अडला. पाच दिवस हलेना. वहिनी पायरीवर बसून राहिली. तिनं मास्तरांना सांगितलं की वजनाचं काही नाही, हात लावला की त्या सकाळची पकड सुटलेली आठवते. मास्तर म्हणाले, मग आज उचलू नका, नुसता हात लावा आणि घरी जा. ती खरंच हात लावून घरी आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रॉड वर आला. मी विचारलं, कसं काय? तर म्हणाली, "खाली ठेवला तरी तो रागवत नाही, हे कळलं."

दहाव्या आठवड्यात तिनं मास्तरांना घरी बोलावून, त्यांच्या देखरेखीखाली आईला उचललं. आई अलगद खुर्चीत. मी टाळ्या वाजवल्या. वहिनी मात्र आपल्या तळहातांकडे बघत उभी.

"हे त्रेपन्न नाहीत," ती म्हणाली. "पंचेचाळीसच्या आसपास आहेत. तेवढे मी रोज उचलते."

आईनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. तिला खुर्चीसकट कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या मोठ्या काट्यावर नेलं. खुर्ची वजा जाता सेहेचाळीस भरले. आता तीन जोडी डोळे माझ्याकडे वळले, कारण दुपारी आईला जेवायला देणारा मी. 'मला एवढं जात नाही रे, तू संपव' म्हणत आई निम्मं ताट माझ्याकडे सरकवायची, आणि मी आईचं मन मोडत नव्हतो. गेलेले सात किलो घराबाहेर गेलेच नव्हते. माझ्या पॅन्टचं बटण त्याची साक्ष द्यायला तयार होतं.

"तू एकटी किती वाढवणार?" आई वहिनीला म्हणाली. "म्हटलं, थोडं मी कमी करावं."

वहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. "आई, तुम्हीच कमी होत गेलात तर मी उचलायचं कुणाला?"

मास्तर घसा खाकरून म्हणाले, आजींना मदतच करायची असेल तर रीतसर करू द्या. त्यांनी आईच्या उजव्या पायाखाली वीट ठेवली. सकाळ-संध्याकाळ दहा वेळा दाबायची, आणि पोटभर जेवायचं. आई विटेवर रागच काढू लागली. आणि मला जेवताना दुसऱ्या खोलीत बसवण्यात आलं.

तीन महिने भरले त्या दिवशी दादा आला. आई अठ्ठेचाळीसवर पोचली होती. वहिनीनं तिच्या पाठीमागे हात गुंफले, 'आई, चला' म्हणाली, आईनं उजवा पाय जमिनीत रोवला आणि दोघी मिळून उठल्या. क्षणभर आई उभी होती. झटक्यानंतर पहिल्यांदाच मला तिची उंची दिसली. मग ती सावकाश खुर्चीत बसली आणि दादाला म्हणाली, "दाढी कर."

दादानं दाराशी जाऊन शुश्रूषागृहाला फोन लावला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाला. आमच्याकडे घरी माणूस आहे.

वहिनीचे अजून मी नीट आभार मानलेले नाहीत. समोर गेलं की ती विचारते, काय हवंय, चहा? म्हणून लिहून ठेवलं.