मागच्या सीटवरचं 'हं'

आधी चहा संपवून घ्या. ऐकताना ठसका लागला तर मला बोलायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

तुम्ही मला ओळखता. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. कोणाला कुठे लागू नये, भाजू नये, कोणी कुठून पडू नये म्हणून दिवसभर लोकांच्या मागे लागायचं, हा माझा धंदा. असा माणूस स्वतः घोटाळा करेल का? नाही ना? मलाही तसंच वाटायचं.

तर झालं असं की आमच्या घरी बॅटरीवाली स्कूटर आली. पांढरीशुभ्र. हट्ट आमच्या मंगलचा, म्हणजे बायकोचा. "तुमच्या त्या मोटारसायकलवर बसून माझी कंबर गेली," म्हणाली. "आणि बोललेलं एक अक्षर ऐकू येत नाही."

मला विचाराल तर मोटारसायकल ती मोटारसायकलच! बटण दाबलं की अख्ख्या बिल्डिंगला कळतं, साहेब निघाले. बदलापूरहून बारवी डॅमकडे जाताना वळणावर गाडी अशी कलते, की पोट सुटलेला माणूससुद्धा दोन मिनिटं कॉलेजात जातो. धोका आहे, नाही असं नाही. त्याच वळणावर डंपरमधली खडी सांडलेली असली की माणूस कॉलेजातून थेट हाडाच्या डॉक्टरकडे.

बॅटरीवालीचं सगळं उलटं. मजा अशी की लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालते. धूर नाही, हादरे नाहीत. आणि धोका? आवाजच नाही! रस्त्यातलं कुत्रं उठत नाही. मोबाईलवर बोलणारी माणसं हसत हसत पुढ्यात येतात. आपली गाडी चालू आहे की बंद, हे कळायला आपल्यालाच खाली वाकून बघावं लागतं.

हे सगळं मला माहीत होतं बरं का! मी इतरांना समजावूनसुद्धा सांगत होतो.

त्या शनिवारी आम्ही उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनच्या बाजारात. मंगलच्या भाचीचं लग्न. साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस हवं होतं. मंगल दुकानात शिरली आणि मी बाहेर गाडीवर बसून राहिलो. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, हातात तिचं हेल्मेट. गल्ली इतकी अरुंद की येणाऱ्या-जाणाऱ्या हातगाड्यांचे ओरखडे नकोत म्हणून मी दोन्ही आरसे आत वळवून ठेवले. नवीन गाडी होती हो!

दुकानाचा सिंधी मालक दोनदा बाहेर येऊन गेला. "साईं, गाडी जरा आगे लो ना, गिराईक को आने का रस्ता नहीं."

"बस, निघालोच," मी म्हणालो. मग मंगलला हाक मारली, "अगं, आटप!"

आणि मागून खांद्यावर टकटक झालं. मी मागे न बघताच हेल्मेट खांद्यावरून मागे धरलं. ते कोणीतरी घेतलं. मग माझ्या तोंडासमोर एक मोबाईल आला. स्क्रीनवर काहीतरी होतं. चष्मा खिशात, काचेवर धूळ, मला काय दिसणार? मला वाटलं, ब्लाऊजपीसचा फोटो दाखवतेय.

"छान आहे, छान आहे! हाच रंग हवा होता. बस लवकर."

"ऊं आं," असं काहीतरी मागून आलं. गाडी जरा दबली. मी निघालो.

आता नीट ऐका. ती मंगल नव्हती.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथून एक बाई दाढ काढून खाली उतरल्या होत्या. तोंडात कापसाचा बोळा, सुजलेल्या गालाभोवती ओढणी गुंडाळलेली. घरी जायला त्यांनी मोबाईलवरून बाईक टॅक्सी बोलावली होती. पांढरी बॅटरीवाली स्कूटर येणार होती. खाली आल्या, तर पांढरी बॅटरीवाली स्कूटर उभी! वर ड्रायव्हर हेल्मेट पुढे करतोय! त्यांनी ओटीपी दाखवला, तर ड्रायव्हर म्हणाला, छान आहे!

यात त्या बाईंची काय चूक, सांगा बरं?

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बाजारातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि मला कंठ फुटला.

"बघितलंस? कसं बोलता येतं आरामात! मोटारसायकलवर जमलं असतं का?"

"हं," मागून आवाज.

"तूच बरोबर होतीस. मी आपला उगाच नाही म्हणत होतो."

"हं."

वा! मी खूश. आणखी थोडं पुढे गेल्यावर मी भाचीच्या लग्नावर घसरलो. "तुझ्या बहिणीने जेवणाचे पदार्थ जरा जास्तच ठेवलेत, नाही? आणि तो तुझा भावजी. प्रत्येक लग्नात तोच जोधपुरी घालतो. बटण लागत नाही तरी घालतो!"

"हं."

मित्रांनो, लग्न झाल्यापासून माझ्या बायकोने तिच्या माहेराबद्दलचं माझं एकही वाक्य असं सुखाने जाऊ दिलेलं नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता. पण मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, आज माझा दिवस आहे! आज काय मागायचं ते मागून घ्यावं.

आमच्या कारखान्यातल्या चौघांचा माळशेज घाटात मोटारसायकलने जायचा बेत कधीपासून अडला होता. अडला होता म्हणजे, बाकी तिघांना घरून परवानगी मिळाली होती.

"काय म्हणतो मी," आवाज जरा मऊ केला, "पुढच्या रविवारी माळशेजला जाऊन येऊ का? आम्ही चौघंच. सावकाश जाऊ."

"हं! हं!"

एकाच्या जागी दोन! मी आनंदाने हॉर्न वाजवला.

"आणि रात्री तिकडेच राहिलो तर?"

"हं! हं! हं!" आणि पाठीवर थापा.

पाठीवर थापा म्हणजे शाबासकी, असं मी धरून चाललो. खरं तर तेव्हा कॅम्प पाचचा फाटा मागे पडला होता. बाईंचं घर तिकडे! आणि ड्रायव्हर माळशेजला मुक्काम करायचं म्हणतोय! तुम्ही त्यांच्या जागी असतात तर काय केलं असतं?

त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर मारलं. मंगल स्पीड जास्त झाला की तसंच मारते, म्हणून मी स्पीड कमी केला. त्यांनी उजव्या खांद्यावर मारलं. ती मंगलची भूक लागल्याची खूण. मी म्हटलं, "समोसा? आता नको, घरी जाऊन जेवायचंय." मग त्यांनी पर्सने पाठ झोडायला सुरुवात केली.

"अगं, अगं! रंगात आलीस की काय!"

याच वेळी माझ्या खिशात फोन थरथरत होता. थांबला की पुन्हा सुरू, थांबला की पुन्हा सुरू. मी मोठ्या अभिमानाने मागे सांगितलं, "बघ, कोणाचा तरी फोन आहे. पण मी उचलणार नाही. गाडी चालवताना फोन म्हणजे मरणाला आमंत्रण. शिस्त म्हणजे शिस्त!"

फोन मंगलचा होता, हे काय वेगळं सांगायला हवं?

अंबरनाथचा सिग्नल लाल झाला. मी पांढऱ्या पट्टीच्या मागे, अगदी नियमात थांबलो. थांबताक्षणी मागची सवारी उडी मारून खाली उतरली आणि ट्रॅफिकच्या महिला हवालदाराकडे पळत सुटली. हातवारे करत, माझ्याकडे बोट दाखवत, "ऊंऊं आंआं!"

हवालदार मॅडम शिट्टी फुंकत आल्या. "काका, गाडी बाजूला घ्या! चावी द्या इकडे!"

मी चावी दिली. आजूबाजूचे चार रिक्षावाले जमले. एक भाजीवाली टोपली खाली ठेवून आली.

"क्या हुआ? बाई को किधर ले जा रहा था?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

आता इथे माझा आत्मविश्वास बघा. त्या बाईंकडे नीट न बघताच मी हसून म्हणालो, "अहो काही नाही, बायको आहे माझी. जरा रागावलीय. घरी गेली की होईल शांत."

"ऊंऊंऊं!" बाई किंचाळल्या आणि त्यांनी हेल्मेट काढलं. ओढणी सोडली.

मी काच वर केली. खिशातून चष्मा काढला. डोळ्यांवर लावला.

साठीच्या आसपासच्या, गोऱ्यापान, एक गाल टम्म सुजलेल्या, डोळ्यांत अंगार. अशा बाई मी आयुष्यात कधी पाहिल्या नव्हत्या.

इतकी वर्षं कारखान्यात ॲसिडच्या टाक्यांजवळ वावरलोय, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

"ताई, हे तुमचे मिस्टर?" मॅडमनी विचारलं.

बाईंनी मान अशी हलवली की कापूस बाहेर पडतो की काय वाटलं.

"मॅडम, चूक झाली, गैरसमज... माझी बायको पण अशीच दिसते. म्हणजे मागून. म्हणजे मागून मी बघितलंच नाही..."

"काका, तुम्हाला तुमची बायको ओळखता येत नाही?"

"येते! नेहमी येते!"

भाजीवाली म्हणाली, "मग आजच काय झालं?"

मला दिसत होतं, आता चौकी, मग पेपर, मग कारखान्यात सोमवारची सकाळ. आमच्या भाषेत थोडक्यात टळलेल्या अपघाताला 'निअर मिस' म्हणतात. इथे टळलं काहीच नव्हतं, आणि मिस झाली होती ती माझी मिसेस!

तेवढ्यात मागून तशीच दुसरी पांढरी स्कूटर सूं करून आली. चालवत होती एक तरणीताठी मुलगी, जीन्स आणि जॅकेट घातलेली, आणि मागे बसली होती मंगल! मांडीवर ब्लाऊजपीसची पिशवी, डोक्यावर टॅक्सीचं हेल्मेट, चेहरा लग्नातल्या फोटोपेक्षाही गंभीर.

ती मुलगी म्हणजे बाईंची खरी टॅक्सीवाली, वैशाली. गल्लीत पोचली तर सवारी गायब आणि रस्त्यात मंगल ओरडत उभी, "अहो, थांबा! अहो, ती कोण?" दोघींनी आपापसात हिशेब जुळवला आणि माझा पाठलाग सुरू केला.

"मॅडम, या माझ्या मिसेस! यांना विचारा!" मला रडूच यायचं बाकी होतं.

हवालदार मॅडमनी मंगलला विचारलं, "हे तुमचे मिस्टर आहेत का?"

मंगल गाडीवरून उतरली. हेल्मेट काढलं. केस नीट केले. मला वरून खाली बघितलं.

"ओळखीचे वाटतात," म्हणाली.

सगळा सिग्नल हसला. हवालदार मॅडमसुद्धा. मग मंगलने सगळं सांगितलं, वैशालीने मोबाईलवर बुकिंग दाखवलं आणि प्रकरण निवळलं. मॅडमनी चावी परत दिली. देताना माझ्या गाडीचे दोन्ही आरसे स्वतःच्या हाताने बाहेर वळवले आणि विचारलं, "काका, काम काय करता तुम्ही?"

"नोकरी," मी म्हणालो.

मी त्या बाईंसमोर हात जोडले. "आंटी, माफ करा. तुम्हाला फार त्रास झाला. पण तुम्ही एकदा तरी 'नाही' म्हणायचंत! मी प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारत होतो आणि तुम्ही 'हं' म्हणत होतात."

आंटींनी बाजूला वळून तोंडातला कापूस काढला. आणि पहिल्यांदा स्पष्ट बोलल्या.

"अरे बाबा, 'हं' कौन बोला? मैं तो पहले से 'ना' बोल रही हूँ! माळशेज को भी ना! रात को रुकने को भी ना! मुंह में रुई है, तो 'ना' का 'हं' ही निकलेगा ना!"

मंगलने हळूच मान वळवली. "माळशेज?"

"ते मी नंतर सांगतो," मी म्हणालो.

"रात को भी उधर रुकने वाला है," आंटी म्हणाल्या. बोलता येऊ लागल्यावर त्यांना थांबवणार कोण? "और आपके बहनोई का जोधपुरी भी बोला. बटन का भी बोला."

दोघी मिनिटभर बोलत उभ्या राहिल्या. एकमेकींचे नंबर घेतले. मंगलने त्यांना सूज उतरायला बर्फ लावायला सांगितलं, आंटींनी मंगलला माझ्याकडे बघून काहीतरी सिंधीत सांगितलं. मला कळलं नाही, पण सहानुभूती होती, आणि ती माझ्याबद्दल नव्हती. मग वैशाली त्यांना घेऊन कॅम्प पाचकडे गेली.

राहिलो आम्ही दोघं. मंगल मागे बसली. मी आधी मागे वळून तिचा चेहरा बघितला, मगच निघालो. शिकलो होतो ना! थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "आहेस ना?"

"हं."

आता नुसत्या 'हं'वर माझा विश्वास राहिला नव्हता. गाडी बाजूला घेतली, मागे वळून बघितलं. मंगलच होती. निघालो. पुन्हा जरा वेळाने, "आहेस ना?"

"हं."

पुन्हा गाडी बाजूला. पुन्हा बघितलं. मंगलच. मागून ट्रकवाला शिव्या घालून गेला. पुन्हा निघालो. असं करत करत आमच्या बदलापूरच्या हद्दीत आलो. तिथे पुन्हा थांबलो, बघितलं, खात्री केली. आरसेसुद्धा बोटाने नीट केले. मंगल म्हणाली, "अहो, एक मिनिट, उतरून पिशवी सरळ करते," पण मी तोपर्यंत समोर बघून हँडल पिळला होता.

गाडी छान हलकी चालत होती. मी मनात म्हटलं, काही म्हणा, बॅटरीवालीला तोड नाही. अर्धा किलोमीटर मी माळशेज का गरजेचं आहे ते समजावून सांगितलं. मग सवयीने विचारलं, "आहेस ना?"

"आहे हो, आहे!" उत्तर आलं.

पण मागून नाही. उजवीकडून.

बघतो तर माझ्या शेजारून शेअर रिक्षा चालली होती. तीन बायकांच्या मध्ये पिशवी धरून मंगल बसली होती.

"पुढे बघून चालवा," ती ओरडली, "आणि सावकाश या! मी कुकर लावते!"