अहो, इंधन हाय ते, दारू न्हाई!

आमच्या प्लांटातले किस्से साठत गेले ते आमच्यामुळं नव्हे, बाहेरच्यांमुळं! शिरूर आणि दौंडच्या मधल्या एका साखर कारखान्यात उसाच्या मळीपासून आम्ही इथेनॉल काढायचो. पेट्रोलात मिसळायचं इंधन ते. मी तिथं केमिस्ट. पण लोकांच्या लेखी आम्ही सगळे दारूवाले. डोकं नुसतं भणभणायचं!

एकदा एक पुढारी प्लांट बघायला आले. तासभर घसा कोरडा करून मी सगळं समजावलं. शेवटी विचारतात, "ते राहू द्या, चव कुठं घ्यायची?" म्हणलं, "साहेब, हे प्यायचं न्हाई, गाडीत घालायचं." तर हे माझ्यावरच वैतागले, "मग येवढी मशिनरी कशाला मांडली?"

यात्रेला गावी गेलो तर चुलते रिकामा कॅन घेऊन दारात! "चुलते, ते पेट्रोलात मिसळत्यात."

"मग मिसळायच्या आधीचं आण की!"

युनूसभाई आमचे ऑपरेटर. शिरूरचे. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. रमजानात शिफ्ट संपवून घरी निघाले, तर चौकात हवालदारानं अडवून शर्टाचा वास घेतला.

"साहेब, रोजा हाय. सकाळपासून पाण्याचा थेंब न्हाई."

"कळतंय की वासावरनं. पाणी न घालताच मारलीय!"

हे ऐकून माझी कानशिलं तापली. असल्या माणसाला असं बोलायचं?

माझं लग्न तर याच वासानं अडलं. दोन ठिकाणी नकार. मध्यस्थ म्हणायचे, "साखरेकडं हाय म्हणून सांगा." का सांगू? चोरी केलीय का मी?

तिसरं स्थळ कवठे येमाईचं. सुनीता मला पसंत, मी तिला. पण तिचे वडील, आप्पा, माळकरी. नकार द्यायला स्वतः स्कूटरवर आमच्या गेटपर्यंत आले. "माणूस म्हणून चांगले हाय तुम्ही. पण दारू गाळणाऱ्याच्या घरात पोरगी न्हाई द्यायचो."

माझं टाळकंच सटकलं! "आप्पा, तो टँकर बघा. पेट्रोलच्या डेपोत चाललाय. शंभर लिटरमागं पाच लिटर आमचंच असतंय. तुमची स्कूटर रोज तेच पिते!"

आप्पांनी स्कूटरकडं बघितलं. किल्ली खिशात टाकली, स्कूटर तिथंच सोडली आणि फाट्याकडं चालायला लागले.

गेटवर माझ्या शेजारी उभे असलेले युनूसभाई हळूच म्हणाले, "बरं हाय, यष्टी डिझेलवर चालती."

चार दिवस स्कूटर गेटवर उभी. पाचव्या दिवशी दुपारी यष्टीतनं सुनीता उतरली. हातात किल्ली, तोंड रागानं लाल.

"आप्पा चार दिवस पायी डेअरीला दूध घालतायत! आज मी सरळ विचारलं. म्हणलं, पिणारी स्कूटर घरात चालती, मग न पिणारा माणूस का न्हाई?"

"मग? काय म्हणाले आप्पा?"

तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मागच्या सीटवर बसली.

"बघताय काय? आप्पांनी चहाला बोलावलंय. मारा किक!"