ओटमारच्या पुलावरची खाच

ओटमार प्रेलच्या बागेत गोगलगायींनासुद्धा वेळापत्रक असतं, असं आम्ही गल्लीतले लोक म्हणायचो. त्याला ते आवडायचं. जन्मभर दुकानांतले वजनकाटे तपासत फिरलेला माणूस. निवृत्त झाला तरी अर्ध्या ग्रॅमची चूक त्याला सहन व्हायची नाही.

आमच्या दोघांच्या बागांमध्ये फक्त एक कुंपण. माझ्याकडे खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचा आठ मीटरांचा एक वेडावाकडा गोल, त्याच्याकडे साठ मीटर पितळी रूळ: गुलाबांच्या मागून, तळ्याच्या काठाने आणि शेवटी चढावरच्या दगडी पुलावरून. तो पूल त्याच्या बायकोने, इर्मट्राउडने, एका उन्हाळ्यात एकेक दगड लावून बांधला. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. त्यानंतर ओटमार आधी पुलावरची पानं झाडायचा आणि मग स्वतःची कॉफी करायचा.

पितळ उघड्यावर काळं पडतं, त्यावर झाडांचा चीक बसतो, आणि वीज त्या रुळांतूनच येत असल्यामुळे गाड्या जागच्या जागी रुसतात. त्यासाठी त्याच्याकडे एक पिवळं सफाई इंजिन होतं. त्याच्या पोटाखाली दोन खरखरीत चाकं गरगर फिरतात, रूळ घासतात, आणि इंजिन मुंगीच्या पावलाने पुढे सरकतं. सरकत राहिलं तर रूळ चकचकीत. कुठे अडून उभं राहिलं, की तीच चाकं रूळ खाऊ लागतात. ते अडू नये म्हणून चालवायच्या चाकावर पकडीसाठी रबरी कडं असतं.

दर दुसऱ्या शनिवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून इंजिन उताणं ठेवायचा. चाकांवरचा काळा थर स्पिरिटने पुसायचा, झिजलेली खरखरीत चाकं बदलायचा, आतल्या दातेरी चाकांना सुईने मोजून दोन थेंब तेल द्यायचा. मग इंजिनाच्या टपाच्या आत चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीने तारीख. तारीख घातल्याशिवाय झाकण बसायचं नाही.

"दोनच थेंब?" मी एकदा विचारलं होतं. "बिचाऱ्याचा घसासुद्धा ओला होणार नाही."

"बुर्गी, हे बटाट्याचं सॅलड नाही तेलात भिजवायला," तो म्हणाला. "तू आपली पँट्स आखूड कर लोकांच्या."

तीस वर्षं मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवलं. तो मला शिंपीण म्हणून चिडवायचा, मी त्याला काटेवाला म्हणायचे. सांगायचं एवढंच, की मला यंत्रं कळत नव्हती असं नाही. मला शिलाई मशीन कळत होतं. शिलाई मशीनला तेल बाहेर येईपर्यंत द्यायचं, फडक्याने पुसायचं आणि रात्रभर ठेवायचं. तेच मला नडलं.

त्या वर्षी मे महिन्यात तो चार दिवस मुलीकडे, सिग्रुनकडे, ब्रेमेनला गेला. शेडची किल्ली माझ्याकडे होतीच. "इंजिन वापर," जाताना म्हणाला, "पण आत हात घालू नकोस. पुसायचं आणि ठेवायचं." मी माझा गोल साफ करून घेतला. मग वाटलं, एवढं वापरलं, तर परत करताना त्याची थोडी सेवा करावी. झाकण काढलं, मशीनचं तेल हात सैल सोडून ओतलं, पुसलं आणि शेडमध्ये फळीवर ठेवून दिलं. मनातून खूष होते. त्याला सांगितलं मात्र नाही. रागावेल, म्हणून.

तो शनिवारी उशिरा आला आणि दुसऱ्याच दिवशी उघड्या बागांचा रविवार. त्या दिवशी अख्खी गल्ली एकमेकांच्या बागेत केक खात फिरते. सकाळी ओटमारने इंजिन रुळावर ठेवलं, चालू केलं आणि नेहमीसारखा कॉफी प्यायला आत गेला. वीस वर्षं तो असाच जायचा. इतका त्याचा त्या इंजिनावर, म्हणजे खरं तर स्वतःच्या हातांवर, भरवसा.

मी रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन पोचले तेव्हा तो पुलावर ओणवा होता. तेल झिरपत रबरी कड्यावर आलं होतं. चढावर चाक घसरलं, इंजिन जागीच उभं राहिलं, आणि खालच्या चाकांनी दोन्ही रुळांना बोटभर लांबीची खाच पाडली होती. पितळेचा भुगा इर्मट्राउडच्या दगडांवर सांडला होता.

ओटमारने झाकण काढलं आणि पट्टी वाचली. नऊ मे, त्याचंच अक्षर.

"मी नऊ तारखेला तेल दिलं," तो हळूच म्हणाला. "मग पुन्हा दिलंय. आणि लिहिलं नाहीये. बुर्गी, मला आठवतच नाही गं."

त्याचे वडील याच वयात विसरायला लागले होते. शेवटी स्वतःच्या मुलाला पोस्टमन समजायचे. ओटमारने त्यांना आठ वर्षं सांभाळलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मागे माणसं जमली होती, माझ्या हातात केकची बशी होती, आणि मी म्हटलं, "अरे, होतं असं कधी कधी." संध्याकाळी सांगू म्हटलं. मग सोमवारी. एकदा सोमवार टळला, की मंगळवारी कारण तयार असतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

त्याने इंजिन पुन्हा चालवलं नाही. ऑगस्टमध्ये म्हणाला, "डोकं शाबूत आहे तोवर आवरतो. सिग्रुनला हा पसारा नंतर आवरायला लागू नये." घर विकलं आणि तो ब्रेमेनला सिग्रुनकडे राहायला गेला. त्याचे रूळ उपटताना वर्तमानपत्रात गुंडाळायला मीच बसले होते, आणि तरीही गप्प होते. नव्या लोकांनी पूल पाडून तिथे हिरवळ केली. मीही माझा गोल काढला आणि कांदे लावले.

परवा, तीन वर्षांनी, सिग्रुनचा फोन आला. "बाबांच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. डॉक्टर म्हणतात, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. पण यांचा विश्वासच नाही. म्हणतात, डॉक्टरला इंजिनातलं काय कळतंय!"

मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. चौथ्या मजल्यावरचं घर, एक खिडकी, खाली मोटारी. चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

ओटमारने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तेल कुठलं?"

"शिलाई मशीनचं."

"किती?"

"बाहेर येईपर्यंत."

"शिंपीण ती शिंपीणच," तो म्हणाला. पण हसला नाही. "म्हणजे मी लिहायला विसरलो नव्हतो."

"नाही."

"तीन वर्षं, बुर्गी. मी रोज सकाळी उठून आधी सिग्रुनचं नाव आठवून बघतो."

मी माफी मागितली. त्याने ऐकली की नाही, कळलं नाही. तो उठला आणि कपाटातून खोका आणला. टॉवेलसुद्धा तोच. इंजिन उताणं केलं, वाळून चिकट झालेलं तेल पुसलं, कडं बदललं. बारीक स्क्रू एकेक करून बशीत ठेवत होता. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. तो थरथरला असता तर मला बरं वाटलं असतं. सुईने दोन थेंब दिले. पट्टीवर नऊ मेच्या खाली आजची तारीख लिहिली. झाकण बसवलं.

मग त्याने इंजिन दोन्ही हातांत धरून खोलीभर पाहिलं. गालिचा, सोफा, सिग्रुनची इस्त्री.

"आता हे चालवू कुठे?" त्याने मला विचारलं.