हाताला बांधलेलं फडकं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तो मरेपर्यंत नाही. सुनेला थोडं ठाऊक असावं, पण ती विचारत नाही — न विचारण्यात तिची सोय आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवायचे. गाव पाथर्डीच्या अंगाला. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं आणि पोरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. त्यांचं खरं जेवण म्हणजे दुपारची ती खिचडी. नियम असा, की पोरांना वाढायच्या आधी शिजवणारणीनं चव घ्यायची. मी घ्यायचे. मागल्या दारी जाऊन थुंकायचेही.

तांदूळच तसा यायचा — जाळी धरलेला, वळवळणारा. तक्रार केली की वरून उत्तर ठरलेलं, निवडून घ्या. माझा नातू त्याच शाळेत होता. त्याला मी घरून भाकरी बांधून द्यायचे. म्हणजे मला कळत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

मास्तर संगमनेरकडचा, तरणा. त्यानं वर कळवलं, पुन्हा कळवलं, मग एक दिवस मोबाईल काढला. "मावशी, जरा ओंजळभर उजेडात धरा." मी धरला. माझ्या मनगटावर विंचू गोंदलेला आहे, नांगी अर्धी राहिलेली — गोंदताना रडून हात ओढला होता. किड्यांबरोबर तो विंचूही फोटोत आला आणि फोटो पेपरात आला.

पुढं काय व्हावं? तांदूळ धाडणाऱ्याला धरावं. धरलं मास्तरला. पेपरवाला तर पहिल्याच दमात त्याचं नाव सांगून मोकळा झाला. सरकारी कामातली गुप्त गोष्ट बाहेर दिली, सरकारची बदनामी केली, म्हणून केस. किडे गुप्त होते म्हणे. पोरांच्या पोटात जात होते तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पोलिसांनी मास्तरला विचारलं, फोटोतला हात कुणाचा? तो म्हणाला, सांगणार नाही. निलंबित झाला, तरी सांगितलं नाही.

आणि मी? मला तालुक्याच्या ऑफिसात बोलावलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते — खरंच. पण साहेब उठून म्हणाले, "बसा ताई." खुर्ची दिली. कपबशीतून चहा दिला. त्या ऑफिसात मी जन्मभर दाराशी उभी राहिलेली बाई.

"ताई, तांदूळ चांगलाच येतो ना?"

"व्हय साहेब, चांगला येतोय. मास्तरानंच किडे कालवले."

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. भीतीनं बोलले असं म्हणता आलं असतं, पण भीती कसली? खुर्चीवर बसून बरं वाटत होतं, एवढंच. एका चहात विकली जाणारी बाई साहेबांनी बघताच ओळखली. त्यांना माणसांची पारख, मला तांदळाची.

कोर्टात तेच सांगायचं होतं. मनगटावरचा विंचू झाकायला मी हाताला फडकं बांधलं. जीपमध्ये शेजारची सखू म्हणाली, "काय गं, आता खिचडीच तुला शिजवाया लागली का?" जीपभर हसले. माझा विंचू ठाऊक नाही असं त्यात कोण होतं? पण सगळ्यांना परत त्याच गावात राहायचं होतं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलं गाव — आणि मी त्यातली सगळ्यात बोलकी.

मास्तरच्या वकिलानं विचारलं, हाताला काय झालं? म्हटलं, पोळला. मास्तर समोरच होता. फडकं सोडायला लावा, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. तो खाली बघत राहिला.

बाहेर नळापाशी गाठ पडली. म्हणाला, "मावशी, फार पोळलंय का?"

टोमणा होता का? मी पुष्कळ शोधला. सापडला नाही.

"न्हाई, लई न्हाई," मी म्हटलं.

त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. आता शेवगावच्या बाजारात टेम्पोतून भाजी विकतो म्हणतात. माझ्या जागी पुढं सून लागली. सुनेला लावून घेऊ, हा त्या दिवशी निघताना दिलेला शब्द साहेबांनी पाळला.

कोर्टातून आल्यावर मी फडकं सोडलं, धुतलं, वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच फडक्यानं चुलीवरचं पातेलं उतरवलं. पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसली होती. मी चव घेतली, मागल्या दारी जाऊन थुंकले, आणि वाढलं. नातू कोपऱ्यात भाकरीची गाठ सोडून बसला होता.