खाल्लं आणि संपवलं

आईला हर्निया होता. ऑपरेशन करायचं तर आधी वजन वीस पौंड उतरायला हवं, असं चामराजपेटेतल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर पोटाला पट्टा बांधायचा, जड काही उचलायचं नाही. मध्येच आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, हेही ते बोलले, पण फक्त मला. माझे वडील, अण्णा, अशा वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. घरात आम्ही तिघंच. एकोणीसशे साठ सालानंतरची ही गोष्ट. मी अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी.

आई दिवसभरात जे खाईल ते वहीत लिहून दर पंधरा दिवसांनी दाखवायचं, असं ठरलं. डॉक्टर कानडी, म्हणून आई मराठीत सांगायची आणि मी कानडीत लिहायचे. सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी विचारायचे, "काल काय काय खाल्लंस?" आई आठवून आठवून सांगायची. उप्पिट्टू, स्वल्प. दुपारी एक डाव भात, सारू, ताक. रात्री तांदळाची एक अक्कीरोटी, तूप न लावता. कानडी मुलखात तीन पिढ्या काढलेल्या आमच्या घरात 'थोडं' कुणी म्हणत नसे, 'स्वल्प'च म्हणत. मीही ते इमानाने लिहायचे. वही इतकी सोज्वळ दिसू लागली की एखाद्या व्रतस्थ बाईची वाटावी.

काटा मात्र हलेना. दीड महिन्यात वजन उतरायच्या ऐवजी दोन पौंड चढलं. डॉक्टरांनी वही मिटली आणि म्हणाले, "एक तर माझा काटा खोटा, नाहीतर ही वही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो सगळा मी घरी येईपर्यंत गोळा केला.

"तू चोरून खातेस," मी आईला म्हणाले. स्वयंपाकघरात, अण्णांच्या देखत. "लाडवाचा डबा कुठे आहे ते मला माहीत आहे. तुझ्यापायी मला डॉक्टरांसमोर खाली मान घालावी लागली." मी फडताळाची किल्ली मागितली. आईने कमरेची काढून माझ्या हातावर ठेवली आणि भाजी चिरायला बसली. आपल्याच घरात तूप हवं झालं तर तिने माझ्याकडे किल्ली मागायची, असा कारभार मी पंधरा दिवस चालवला. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एका रविवारी जेवण झाल्यावर मी पाणी प्यायला आत गेले. आई अजून जेवत होती. ती नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची, त्यात नवल नव्हतं. पण तिचं ताट घासायला टाकलेलं होतं आणि ती माझ्या ताटातलं जेवत होती. माझा अर्धा भात, दीड रोटी, हुळीतल्या, म्हणजे आंबट आमटीतल्या फोडी, फोडणीच्या चित्रान्नाचा ढीग.

"हे काय?" मी म्हणाले. "हे वहीत नाही."

"हे खाणं कुठे आहे गं? हे संपवणं," आई म्हणाली. "तू विचारतेस काय खाल्लंस. ते मी खरं तेच सांगते."

तिच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. आमच्याकडच्या बायकांच्या लेखी पोटात जाणाऱ्या अन्नाच्या दोन जाती होत्या. एक आपल्यासाठी वाढून घेतलेलं, दुसरं वाया जाऊ नये म्हणून तोंडात टाकलेलं. दुसरं कुणी मोजत नसे. अन्न टाकणं हे पाप आणि ते निस्तरायचं काम आईचं.

आणि टाकत मी होते. आदल्या वर्षी मला पाहायला आलेल्या मंडळींतली एक बाई जाताना सहज म्हणाली होती, मुलगी अंगाने जरा जास्तच भरलेली आहे. तेव्हापासून वाढलेलं सगळं घ्यायचं, चार घास खायचे आणि बाकीचं ताटात ठेवून उठायचं, असं मी चालवलं होतं. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी चांगली बारीक झाले होते. ते उतरलेलं मांस कुठे गेलं, ते आता माझ्या समोर बसलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं मी केलं होतं. फरक एवढाच की फाशी देणारी आणि चोर दोन्ही मीच.

"मग सांगितलं का नाहीस? मी एवढं बोलले तरी?"

"तुझं उष्टं वहीत आलं तर डॉक्टर विचारतील, पोरगी का जेवत नाही म्हणून. ती बाई बोलून गेली तेव्हापासून तू टाकतेस, मला दिसतं की. तुझं नाव कशाला त्या वहीत?"

मी किल्ली तिला परत दिली. माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "उद्यापासून मला स्वल्प वाढ."

पुढच्या खेपेला आईनेच डॉक्टरांना सांगून टाकलं, की ताटातलं उरलेलं मी संपवते, ते लिहायचं राहत होतं. डॉक्टर हसले आणि त्यांनी विचारलं, "कुणाच्या ताटातलं?"

मी तिच्या शेजारीच उभी होते. माझ्या, एवढा एक शब्द बोलायचा होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

"मनेयल्ली सण्ण मक्कळिद्दारे," आई म्हणाली. घरात लहान मुलं आहेत.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, वही उघडली आणि आईचं ते खोटं माझ्याच अक्षराखाली लिहून घेतलं.