श्वासाच्या रकान्यात वीस

नसीम मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नर्सिंग कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेच्या याद्या करत बसले होते. आदल्याच दुपारी त्यांना भेटून आले होते, म्हणून फोन करणारीलाच झापलं, "काहीतरीच काय बोलतेस!" आज पाच आठवडे झाले... अजून कुणालातरी झापावंसं वाटतं. कुणाला, ते आता मला ठाऊक आहे.

लोहाऱ्याच्या या बाईंनी जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींना आजारी लेकरांची शुश्रूषा शिकवली. आधी वॉर्डातल्या सिस्टर, मग शिक्षिका, पन्नाशीला पीएच.डी., शेवटी प्राचार्य. संशोधनासाठी माकणीच्या बाजूला घरोघर हिंडल्या. लेकराला धाप लागली की आई ते कुठल्या शब्दांत सांगते, एवढंच विचारत. "पोट उडतंय" म्हणणाऱ्या आईला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं, असं त्या ठासून सांगायच्या. प्राचार्य झाल्यावरही खुर्चीत टिकल्या नाहीत. वॉर्डात येऊन गुपचूप मागं उभ्या राहायच्या, आणि दुपट्यावरून श्वास मोजणारी दिसली की संपलंच. "अगं, आधी पांघरूण काढ! वरून काय दिसतंय व्हय तुला? आन् पुरतं मिनिट मोज, बस चुकतीय का तुझी?" खरा राग होता तो विसाच्या आकड्यावर. नाडी, ताप सगळ्याजणी बघतात. श्वास मोजायचा कंटाळा, मग तक्त्यात ठीकठाक दिसणारा आकडा म्हणून वीस लिहून मोकळ्या. त्या विसापायी मॅडमनी भल्याभल्यांना रडवलंय.

निवृत्तीनंतर त्यांना न्युमोनिया झाला. दवाखान्यात आमचीच जुनी विद्यार्थिनी कविता ड्युटीवर होती, त्यामुळं मी निर्धास्त. तक्ता पाहिला. श्वास वीस, वीस, वीस. बरं वाटलं. मॅडम शब्द तोडत बोलत होत्या. "पांघरूण... काढ..." मला हसू आलं. "थंडी आहे मॅडम, काय लेकरासारखं करता!" म्हणत मी चादर पार गळ्यापर्यंत ओढून दिली आणि याद्यांसाठी परत आले. त्या मला 'माझा श्वास बघ' म्हणत होत्या. हे दफनानंतर त्यांच्या घरून परतताना जीपमध्ये कळलं.

कविताची नोकरीच घालवायची, असं ठरवून मी तिला बोलावून घेतलं.

"मोजलं होतंस?"

"न्हाय, मॅडम."

"मग वीस कुठून आणलंस?"

ती चिडलेली नव्हती, हेच वाईट. "तुमीच सांगितलं होतं की. आमी शिकत असताना तपासणी आली होती तवा. रकाना रिकामा ठिवू नका, वीस टाका म्हणून."

खरं होतं. नसीम मॅडम त्या दिवशी माकणीला गेल्या होत्या. एका दुपारपुरतं म्हणून मी अख्खा वर्ग बसवून तक्ते भरून घेतले होते. मॅडमना सांगायचं राहूनच गेलं... आता कुणाला सांगू? कविताला मी जा म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!

निवृत्तीनंतरही सोमवारचा पहिला तास मॅडमच घेत. सुरुवातीला एक मिनिट कुणी बोलायचं नाही, शेजारणीचा श्वास मोजायचा. तो तास आता माझ्याकडं आलाय. परवा दारात पोचले तर मुलींनी आपणहून सुरुवात केली होती. वर्ग चिडीचूप, नुसते ओठ हलत होते. मिनिट संपलं तशी पुढच्या बाकावरची उठली, हसतच म्हणाली, "मॅडम, तुमचा मोजू?"

माझ्यानं आत पाऊल टाकवेना.