पालथा कीबोर्ड

कापूस मातीमोल झाला होता त्या वर्षांत माझ्या नांदगावच्या टायपिंगच्या दुकानात इंटरनेट नव्हतं. कॉम्प्युटर सुटे भाग जोडून बनवलेला. त्याच्या अँटीव्हायरसचं अपडेट पेन ड्राइव्हमध्ये घेऊन अमरावतीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातला एक उंच, अबोल माणूस दर महिन्याला एसटीनं यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. काम झालं की धूळ जाऊ नये म्हणून तो कीबोर्ड पालथा घालायचा. अँटीव्हायरसच्या सेटिंगला पासवर्डही त्यानं स्वतःचाच लावलेला.

"मशीन माही, अन् पासवर्ड तुमचा काहून?" मी एकदा चिडलोच.

"उघडी राह्यली का कोनीबी आत येते. मी आहो तोवर फिकर नोका करू."

दिवाळीनंतर तो आलाच नाही. अपडेट जुनं झाल्याची लाल खूण रोज डोळ्यांत खुपायची. शेवटी त्याच्या दुकानात फोन लावला.

"तो तं दिवाळीतच वारला, भाऊ," मालक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, बटण दाबलं. खूण हिरवी होती. अपडेटची तारीख आजचीच. किल्ली तर माझ्याच खिशात असते! सेटिंग उघडून बघावं म्हणून मी कीबोर्डकडे हात नेला.

तो पालथा होता.